तलावाला धाप लागते तेव्हा

एप्रिल संपत आला की आमच्या अपघात विभागात पहाटेच्या वेळी एक ठरावीक रुग्ण येऊ लागतो. एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरलेला, बोट सुजलेलं, त्यावर चुना नाहीतर हळद थापलेली, कमरेपर्यंत चिखल आणि चेहऱ्यावर असह्य वेदना. घड्याळात साडेपाच ते सात. काय चावलं, हे आता आमच्याकडच्या सिस्टर विचारत नाहीत. गरम पाण्याची बादलीच आणायला सांगतात. चावलेला नसतो, टोचलेला असतो. तो असतो शिंगी नावाचा मासा.

मागच्या आठवड्यात असेच एक बाबा आले. साठीच्या पुढचे, ढीवर समाजातले, जन्म तलावावर गेलेला. अशा माणसाला शिंगीनं गाठावं याचं मला नवल वाटलं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तर जाळ्यातला माणूस. हातानं मासे धरायला कशाला गेले?" ते कण्हतच म्हणाले, "साहेब, तलावात आता पानी कुठं हाय? चिखल हाय. चिखलात शिंगी हाय. जाळं कुठं फेकू?" मग थोडं थांबून, "रोहू तं परवाच मेले. आभाळ आलतं राती. सकाळी पाह्यलं तं सारे पांढरे पोट वर."

त्यांचा हात तासभर गरम पाण्यात राहणार होता, त्यामुळे बोलायला वेळ होता. एरवी सरकारी दवाखान्यात तो मिळत नाही. या उपचाराबद्दल आधी सांगून टाकतो, कारण तो घरीही सुरू करता येतो आणि फार कमी लोकांना माहीत आहे. शिंगीच्या छातीजवळच्या दोन्ही परांना एकेक कठीण काटा असतो आणि त्या काट्यावरच्या आवरणात विष असतं. हे विष प्रथिनाचं आहे, उष्णतेनं ते निकामी होतं. म्हणून टोचलेला भाग सोसवेल इतक्या गरम, म्हणजे ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या, चांगल्या हातानं तपासायचं, कारण दुखणाऱ्या हाताला भाजल्याचं कळत नाही. कळ बहुतेक वेळा पाण्यातच उतरू लागते. त्यानंतर जखम साबणाच्या पाण्यानं स्वच्छ धुऊन दवाखान्यात यायचं. काटा मोडून आत राहिला असेल तर तो काढावा लागतो, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागतं. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी एक दिवसही अंगावर काढू नये. गढूळ गोड्या पाण्यातले जंतू अशा माणसांच्या हातात झपाट्यानं पसरतात. चुना, शेण, तंबाखू यांचा उपयोग होत नाही. जखम मात्र नक्की घाण होते.

बाबांचा हात बादलीत असतानाच माझ्या मोबाइलवर भाच्याचा फोटो आला. तो कॅलिफोर्नियात असतो, आणि गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन शास्ता नावाच्या जलाशयावर जातो. सॅक्रामेंटो नदीवर १८३ मीटर उंचीचं धरण आहे, १९४५ मध्ये पूर्ण झालेलं. त्याच्यामागचा हा जलाशय त्या राज्यातला सर्वांत मोठा. फोटोत हातभर लांबीचा मासा होता आणि खाली मजकूर: मामा, उन्हाळा सुरू होतोय. आता ट्राउट खोल जातील, बास फक्त पहाटे आणि संध्याकाळी लागेल, आणि कॅटफिशसाठी रात्रभर जागावं लागेल.

मी बाबांना फोटो दाखवला आणि मजकूर मराठीत समजावला. ते हसले. म्हणाले, "तिकडचेबी तसेच हायत म्हना."

तसेच आहेत, आणि तसे का आहेत हे एका डॉक्टरला लगेच ओळखीचं वाटतं. कारण हा सगळा श्वासाचा मामला आहे.

आपण हवेत राहतो, त्यामुळे प्राणवायूच्या बाबतीत आपण किती श्रीमंत आहोत याची कल्पना आपल्याला नसते. ३० अंशांच्या एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. त्याच तापमानाच्या एक लिटर पाण्यात, ते हवेशी कितीही घुसळलं तरी, जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. म्हणजे पस्तीस पटींचा फरक. शिवाय पाणी हवेपेक्षा आठशे पट जड, ते कल्ल्यांतून सतत ढकलत राहणं हेच मोठं कष्टाचं काम. मासे हे जमवतात, कारण त्यांचे कल्ले हा एक विलक्षण अवयव आहे. रक्त एका दिशेनं वाहतं आणि पाणी उलट्या दिशेनं, त्यामुळे पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत प्राणवायू मासा खेचून घेऊ शकतो. आपली फुप्फुसं आत घेतलेल्या हवेतला पाव हिस्सा काढतात आणि उरलेला परत सोडतात.

आता यात उन्हाळा आला. पाणी जितकं तापतं तितका त्यात कमी प्राणवायू विरघळतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाअकरा मिलिग्रॅम, २० अंशांना नऊ, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सातच्याही खाली. आणि गंमत, खरं तर संकट, असं की याच वेळी माशाची गरज वाढते. मासा थंड रक्ताचा. पाणी दहा अंशांनी तापलं की त्याच्या शरीरातली सगळी जाळपोळ साधारण दुप्पट होते. तापानं फणफणलेल्या रुग्णाचं उदाहरण घ्या. माणसाचा ताप एक अंश सेल्सिअसनं वाढला तर प्राणवायूची गरज सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. अशा रुग्णाची गरज वाढत असताना कुणी सिलिंडरची चावी हळूहळू बंद करत न्यावी, तसा उन्हाळा माशाला वाटत असणार.

भाच्याच्या तीन माशांची गोष्ट इथे उलगडते. ट्राउट हा डोंगराळ, थंड, खळाळत्या पाण्याचा मासा. त्याला १० ते १६ अंशांचं पाणी आवडतं आणि प्राणवायू भरपूर लागतो. पाणी २० अंशांच्या वर गेलं की तो अस्वस्थ होतो. बासला २४ ते २९ अंश चालतात, पण प्राणवायू त्यालाही बऱ्यापैकी हवा. म्हणून भर दुपारी तो सावलीला, खोलात, दगडांच्या आडोशाला जातो आणि ऊन उतरल्यावर काठाजवळ शिकारीला येतो. कॅटफिश म्हणजे मिशांचा मासा. त्याला ऊन पाणी मानवतं, प्राणवायू कमी असला तरी तो तग धरतो, आणि मिशांनी चव-वास घेत तो अंधारातच खाणं शोधतो. म्हणून रात्रभर जागणं आलं.

पण ट्राउट खोल जातो म्हणजे नक्की कुठे जातो? शास्तासारखा खोल जलाशय उन्हाळ्यात दुमजली होतो. वरचं पाणी तापून हलकं होतं आणि वरच राहतं, खालचं हिवाळ्यातलं गार पाणी जड म्हणून खालीच राहतं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. पोहताना खोल पाण्यात पाय सोडल्यावर पायांना अचानक गार लागतं, तो हाच सांधा. जुलैत वरच्या मजल्यावर पाणी २५ अंशांच्या पुढे गेलेलं असताना खालच्या मजल्यावर ट्राउटला हवा तसा गारवा शाबूत असतो. हे गार पाणी इतकं मोलाचं आहे की शास्ता धरणाला १९९७ मध्ये एक खास यंत्रणा बसवली गेली. ती हव्या त्या खोलीचं पाणी उचलून खाली नदीत सोडते, म्हणजे तिथल्या सामन माशांची अंडी उन्हाळ्यात शिजून जाऊ नयेत.

सगळ्याच तलावांचं नशीब असं नसतं. ज्या तलावात शेतातलं खत आणि गावाचं सांडपाणी येतं, तिथे शेवाळ माजतं, मरून तळाशी बसतं आणि कुजताना तळाचा सगळा प्राणवायू खाऊन टाकतं. मग वरचा मजला तापलेला आणि खालचा गुदमरलेला. थंड पाण्याचे मासे या दोहोंच्या मध्ये एका पातळ पट्ट्यात अडकतात. गळ टाकणाऱ्याला वाटतं आज मासे एकाच जागी दाटीनं मिळताहेत, आपलं नशीब. प्रत्यक्षात ते दाटीनं उभे असतात, कारण जायला दुसरी जागा नसते.

भाच्याला मी तेव्हाच एक निरोप पाठवला. तो मासे पकडून परत सोडतो आणि त्याचं त्याला पुण्य वाटतं. थंड पाण्यात ते खरंही आहे. पण गळाला लागलेला मासा जिवाच्या आकांतानं झुंजतो, त्याच्या स्नायूंत आम्ल साठतं, प्राणवायूचं कर्ज चढतं. हे कर्ज त्याला पाण्यातल्याच प्राणवायूतून फेडायचं असतं. खालच्या गार पाण्यातून ओढून वरच्या तापलेल्या पाण्यात आणलेला, फोटोसाठी मिनिटभर हवेत धरलेला ट्राउट आपल्या डोळ्यांदेखत पोहत जातो आणि पुष्कळदा तासाभरानं नजरेआड मरतो. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात यासाठी नियमच आहे. नदीचं पाणी सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअसला पोचलं की दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद. मासेमारांचे नेहमीचे अनुभवी लोक त्याआधीच, २० अंशांना, स्वतःहून गळ गुंडाळतात. त्यांच्या पिशवीत थर्मामीटर असतो. मला हे फार आवडलं. रुग्णाला हात लावण्याआधी ताप पाहायचा.

आता आपल्याकडे येऊ.

भंडारा-गोंदिया भागाला तलावांचा जिल्हा म्हणतात. इथले बहुतेक तलाव दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तेव्हापासून ते माजी मालगुजारी तलाव, म्हणजे सरकारी भाषेत मामा तलाव. भाताच्या सिंचनासाठी बांधलेले हे तलाव मुळातच उथळ, आणि त्यात गाळ साचलेला. मे महिन्यात कित्येक तलावांत छातीभरही पाणी उरत नाही. म्हणजे आमच्या तलावाला खालचा मजलाच नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सगळं पाणी वरपासून तळापर्यंत तापतं आणि रोहू, कतला, मृगळ, सायप्रिनस यांना पळून जायला गार कोपरा नसतो.

दिवसा तरी त्यांचं निभतं, कारण उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू तयार करतात. दुपारी हिरव्या पाण्यात तो मुबलक असतो. सूर्य मावळला की कारखाना बंद, पण श्वास घेणारे सगळे हजर: मासे, किडे, तळाच्या चिखलातले जंतू आणि खुद्द ते शेवाळसुद्धा. रात्रभर खर्चच खर्च. तिजोरी सर्वांत रिकामी होते ती पहाटे, सूर्य उगवण्याच्या आधी. दिवसभर ढगाळ असेल तर जमाच कमी झालेली असते. वळवाची पहिली सर आली तर ती तळाचा सडका गाळ ढवळते, काठावरची घाण आत आणते, आणि पहाटे पांढरी पोटं वर. बाबा म्हणाले होते, "आभाळ आलतं राती." मला पुस्तकात शिकायला जे लागलं ते त्यांनी तीन शब्दांत सांगितलं होतं.

लिटरमागे पाच मिलिग्रॅम प्राणवायू असेल तर रोहू-कतला मजेत असतात. तीनच्या खाली ते वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करू लागतात. पुष्कळांना वाटतं मासे खेळताहेत किंवा भुकेले आहेत, म्हणून ते खाद्य टाकतात. तसं करू नका. खाद्य पचवायलाही प्राणवायू लागतो आणि न खाल्लेलं कुजतं. तो मासा धाप लागलेल्या, उठून बसून श्वास घेणाऱ्या रुग्णासारखा आहे. शेततळं असेल तर लगेच पंप लावून त्याच तळ्याचं पाणी हवेतून फवारत परत त्यात पडू द्यावं, त्या दिवशी खाद्य आणि शेणखत बंद ठेवावं, आणि दाटी असेल तर मोठे मासे काढून विकावेत. मोठे आधी का, तर मोठ्या माशांना दम आधी लागतो.

आणि शिंगी? तिला यातलं काही लागत नाही. शिंगीच्या कल्ल्यांपासून मागे शेपटाकडे पाठीच्या स्नायूंत घुसलेल्या दोन लांब पिशव्या असतात, जवळपास फुप्फुसंच. मागूरच्या डोक्यात झाडाच्या फांद्यांसारखा एक लाल अवयव असतो, मरळाच्या डोक्यात हवेचा कप्पा. हे तिघेही वर येऊन हवा गिळतात. मरळाचं तर असं की त्याला वर येऊच दिलं नाही तर तो पाण्यात असूनही गुदमरतो. म्हणून रोहू मेल्यावरही हे चिखलात जिवंत राहतात, म्हणून माणसं चिखलात हात घालतात, आणि म्हणून मेमध्ये पहाटे आमच्याकडे बादली तयार ठेवावी लागते. मिशांच्या माशानं कमी श्वासात निभावून न्यायचं, ही रीत शास्ताला आहे आणि आमच्या बोडीतही आहे. आमच्या शिंगी-मागूरनं ती जरा जास्तच मनावर घेतली इतकंच.

जाता जाता: मागूर म्हणून बाजारात जो मोठा, काळपट मासा स्वस्तात मिळतो तो पुष्कळदा आफ्रिकी मागूर असतो, ज्याला लोक थाई मागूर म्हणतात. तो पाळण्यावर देशात २००० पासून बंदी आहे, कारण सुटला की तो तलावातलं सगळं फस्त करतो आणि तो कत्तलखान्याच्या घाणीवर वाढवला जातो. आणि मरळ दम्यावर चालतो का, हा प्रश्न मला दर जूनमध्ये विचारला जातो, कारण मृग लागताना हैदराबादला मरळाचं जिवंत पिल्लू औषधासह गिळायला देतात. हवेत श्वास घेणारा मासा दमेकऱ्याला द्यावा, ही कल्पना सुचणाऱ्याच्या निरीक्षणाला दाद द्यायला हवी. पण त्यानं दमा बरा होतो याला वैद्यकीय पुरावा नाही. जायचं त्यांनी जावं, इनहेलर मात्र खिशात असू द्यावा आणि तो बंद करू नये. मरळ रस्सा करून खाल्ला तर उत्तम प्रथिनं मिळतात, ऑपरेशन झालेल्या माणसाला ती हवीच असतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी नवखा वैद्यकीय अधिकारी होतो, एका छोट्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. मेमधली दुपार. एकाच घरातले चौघे उलट्या-जुलाबांनी बेजार होऊन बैलगाडीतून आले. त्या आठवड्यात गॅस्ट्रोचे रुग्ण रोजच येत होते. मी सलाइन लावली, नोंद केली, पुढच्या रुग्णाकडे वळलो. वयानं माझ्या दुप्पट असलेल्या सिस्टर म्हणाल्या, "सर, या पोराच्या तोंडातून लाळ किती गळते आहे बघा." मी टॉर्च डोळ्यांवर मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अंग घामानं निथळत होतं, नाडी मंद. हा गॅस्ट्रो नव्हता, कीटकनाशकाची विषबाधा होती. ॲट्रोपिन सुरू केलं, मिळेल त्या वाहनानं जिल्ह्याला पाठवलं. तिघे वाचले. आजी वाटेत गेली. माझ्या हातून किती वेळ वाया गेला, हे मी नंतर अनेकदा मोजलं आहे. वीस मिनिटं.

नंतर कळलं ते असं. गावाबाहेरच्या बोडीत पहाटे मेलेले मासे तरंगत होते. लोकांना वाटलं उन्हानं मेले, दरवर्षी मरतात तसे. पण रात्री कुणीतरी फुकटात मासे मारायला पाण्यात शेतातलं औषध ओतलं होतं. यांनी टोपलीभर आणले, लहान मासे पोटासकट तळले. लहान मासे आणि डोकी आजीच्या ताटात गेली, जशी बहुतेक घरांत जातात.

श्वासाअभावी मेलेले मासे आणि विषानं मेलेले मासे यांत फरक ओळखता येतो, आणि त्यासाठी वर सांगितलेलं सगळं ज्ञान कामाला येतं. प्राणवायू संपला तर मासे पहाटे मरतात, मोठे आधी मरतात, आणि शिंगी, मागूर, मरळ जिवंत राहतात. बेडूक, पाणकिडे, पाणसाप यांना काही होत नाही. विष असेल तर वेळेचा नेम नसतो, लहान-मोठे एकदम मरतात, आणि हवा गिळणारे मासेही सुटत नाहीत. ज्या तलावात मरळ आणि शिंगी मेलेली दिसेल त्या तलावाचं पाणी गुरांनासुद्धा पाजू नका आणि ग्रामपंचायतीला लगेच कळवा. पण हा फरक तपास करायला आहे, जेवण ठरवायला नाही. तरंगणारा मासा कशानंही मेला असला तरी खाऊ नका. चाळीस अंशांच्या उन्हात तो तासाभरात सडू लागतो, आणि विष तळून किंवा उकळून जात नाही. पकडताना जो जिवंत होता तोच मासा घरी आणावा, आतडी काढून टाकावीत. मासे खाल्ल्यावर घरातल्या अनेकांना एकदम उलट्या, लाळ, घाम, धूसर दिसणं असं झालं तर दवाखान्यात पोचताच मासे खाल्ल्याचं सांगावं. तेवढ्या एका वाक्यानं वीस मिनिटं वाचतात.

तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडण्याबद्दल काय सांगावं! त्यानं मासे मरतात आणि माणसंही. तिथे आमच्या हातात फक्त शवविच्छेदन उरतं.

मासे धरणाऱ्याचाही उन्हाळा असतो, तेवढं सांगतो. पाण्यात उभं राहिल्यावर ऊन लागत नाही, असा समज आहे. मेमधल्या उथळ तलावाचं पाणी तेहेतीस-चौतीस अंशांचं असतं, ते शरीराला फारसं गार करत नाही, आणि पाण्यावरच्या दमट हवेत घाम सुकत नाही. डोक्यावर ऊन, खालून पाण्याची झळ, आणि भिजलेलं असल्यामुळे किती घाम गेला ते कळत नाही. सकाळी नऊच्या आत बाहेर यावं, डोक्याला ओला गमछा असावा, मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस तहान लागण्याआधी प्यावं. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो दारूचा परिणाम म्हणून हसण्यावारी नेऊ नका. त्याला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतत वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

तलावांवर उपाय नाही असं नाही. गाळ काढायची सरकारी योजना २०१७ पासून आहे. पण मशीन लावून सगळा तळ सपाट खरवडला की पाण्याखालच्या वनस्पतीही जातात, ज्या दिवसा प्राणवायू देतात आणि माशांना अंडी घालायला, लपायला जागा देतात. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढीवरांना बरोबर घेऊन काही तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि बेशरमाचं रान काढलं. मला त्यात सर्वांत शहाणपणाची वाटते ती गोष्ट म्हणजे कुठली वनस्पती कुठे लावायची हे त्यांनी ढीवरांना विचारलं. माझ्या मते प्रत्येक तलावात एका कोपऱ्यात तरी पुरुष-दीड पुरुष खोल डोह राखावा, काठावर त्याला सावली असावी, आणि मेमध्ये त्या डोहात कुणी जाळं टाकू नये. पावसाळ्यात संस्था बाहेरून बोटुकली आणून सोडतात, त्याआधी तलावातलीच थोडी बीजं जगलेली असतील.

पाऊण तासानं बाबांचा चेहरा सैल झाला. हात बाहेर काढून बोटं हलवून पाहिली. एक्स-रेत काटा नव्हता. इंजेक्शन घेताना त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. पश्चिमेला ढग जमू लागले होते.

"आज राती पुन्हा आभाळ येते साहेब," ते म्हणाले. "खालच्या तलावात सायप्रिनस हायत अजून. संस्थेच्या पोट्ट्याइले सांगतो, आजच काढून विका म्हनून."

भाच्याचा उत्तराचा निरोप रात्री आला. थर्मामीटर मागवला आहे, म्हणाला.